कोरियन चवीचा बीफ-भात: खिमा पंधरा मिनिटांत होतो, पण घड्याळ भाताचे चालते

चुलीपाशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. संध्याकाळी सव्वासहाला घरात शिरल्यावर हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी मी तांदूळ धुते. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून ही सवय लागली आहे आणि ती ज्या पदार्थामुळे लागली, त्याची कृती येथे लिहिण्याचे बरेच दिवस मनात होते. बीफचा खिमा, सोया सॉस, लसूण, भाजलेल्या तिळाचे तेल आणि थोडी साखर यांचा हा चकचकीत, खारट-गोड खिमा गरम भातावर घालून वाडग्यात वाढतात. इकडच्या घरांत तो ‘कोरियन बीफ’ या सुटसुटीत नावाने ओळखला जातो. ज्यांच्या घरी बीफ वर्ज्य आहे, त्यांनी हा धागा कोंबडीच्या खिम्याचा म्हणून वाचावा. त्यासाठी काय बदल करायचे ते मी पुढे लिहीन.

झटपट म्हणून सांगितलेल्या बहुतेक कृती ‘पंधरा मिनिटांत तयार’ असे म्हणतात आणि भात कोणीतरी आधीच लावून ठेवला आहे असे गृहीत धरतात. खिमा खरोखरच पंधरा मिनिटांत होतो. भात मात्र धुण्यापासून मुरण्यापर्यंत तासभर घेतो, आणि तो नीट झाला नसेल तर वरच्या खिम्याला कितीही चव असली तरी वाडगा फसतो. त्यामुळे माझी कृती भातापासून सुरू होते.

चौघांसाठी आखूड दाण्याचा चिकट तांदूळ दोन कप घ्यावा. पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवावा, अर्धा तास भिजवावा आणि चाळणीत निथळून घ्यावा. भिजवलेल्या तांदळाला पाणी कमी लागते. मी मूळ दोन कपांना सव्वादोन कप पाणी घालते. उकळी आल्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर बारा मिनिटे आणि मग आच बंद करून दहा मिनिटे ठेवते. या शेवटच्या दहा मिनिटांत झाकण उघडून डोकावायचे नाही. बासमती वापरू नये असे मी आग्रहाने सांगेन. मोकळा, सुटा दाणा ही आपल्याकडे पुलावाची थोरवी आहे. येथे मात्र चमच्यात भाताचा गोळा उचलला गेला पाहिजे आणि त्याने खिम्याचा रस धरून ठेवला पाहिजे. आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज कमी असल्यामुळे तो शिजल्यावर असा एकमेकांना धरून राहतो.

आता खिमा. एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, वीस टक्के चरबीचा खिमा घ्यावा आणि कागदी रुमालाने वरवर टिपून घ्यावा. भांडे पसरट आणि जाड बुडाचे असावे. ते कोरडेच चांगले तापवून त्यात खिमा एकाच थरात पसरावा, आणि मग चार मिनिटे त्याला हात लावू नये. आपल्या हाताला परतण्याची इतकी सवय असते की ही चार मिनिटे अवघड जातात. सुरुवातीला खिम्याला पाणी सुटते आणि ओलसर रटरट ऐकू येते. पाणी आटले की आवाज बदलून कोरडी, बारीक चरचर सुरू होते. त्या चरचरीनंतर मिनिटभराने एक कडा उलथण्याने उचलून पाहावी. खालची बाजू खरपूस तपकिरी दिसली तरच तो फोडायला घ्यावा. सतत ढवळलेला खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडतो, करडा पडतो, आणि मग त्यात कितीही सोया सॉस ओतला तरी तो उकडलेलाच लागतो.

खिमा सुटा झाला की जास्तीची चरबी काढून चमचाभर ठेवावी. त्यात लसणाच्या सहा पाकळ्या आणि अर्धा इंच आले ठेचून अर्धा मिनिट परतावे. वाटीत आधीच कालवून ठेवलेले मिश्रण, म्हणजे तीन मोठे चमचे सोया सॉस, दीड ते दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा गोचुजांग (मिरचीची आंबवलेली, दाट कोरियन चटणी) आणि पाव कप पाणी, आता ओतावे. साखर आधी घातली तर ती तळाला लागून करपते, म्हणून ती सर्वांत शेवटी. दोन-तीन मिनिटांत रस दाट होऊन खिम्याला चकाकी येते. आच बंद केल्यावर दोन छोटे चमचे भाजलेल्या तिळाचे तेल, चिरलेली पात आणि तीळ घालावेत. हे तेल सुगंधासाठी असते. आचेवर घातले तर तो सुगंध घरभर पसरतो आणि वाडग्यात काही उरत नाही.

---

सुवॉनचा_पाहुणा

कृती उत्तम आहे आणि चार मिनिटे हात न लावण्याबद्दल तर अगदी सहमत आहे. एक तक्रार मात्र नोंदवतो. तुम्ही ‘बुलगोगी’ हा शब्द वापरला नाहीत याचा आनंद आहे, कारण अनेक ठिकाणी याच खिम्याला सर्रास ‘बुलगोगी वाडगा’ म्हटलेले दिसते. ‘बुल’ म्हणजे आग आणि ‘गोगी’ म्हणजे मांस. बुलगोगीला कागदासारखे पातळ कापलेले मांस लागते. ते सोया सॉस, साखर, लसूण, पात, मिरपूड, तिळाचे तेल आणि किसलेले कोरियन नासपती यांत मुरवून मग भाजतात किंवा परततात. खिमा वापरला की तो वेगळा पदार्थ झाला. वाईट नव्हे, पण वेगळा.

भातावर काहीतरी रसदार घालून एकाच वाडग्यात वाढण्याच्या प्रकाराला कोरियन भाषेत ‘दॉपबाप’ म्हणतात, म्हणजे झाकलेला भात. बुलगोगी दॉपबाप इथल्या, म्हणजे दक्षिण कोरियातल्या सुवॉनमधल्या, साध्या खाणावळींत आणि कँटीनमध्ये मिळते. तुमच्या वाडग्याचे नाते त्याच्याशी आहे. ‘बिबिंबाप’ हे आणखी निराळे. तेथे ‘बिबिम’ म्हणजे कालवलेले, आणि प्रत्येक भाजी स्वतंत्र तयार करून भातावर मांडलेली असते.

खिम्याचेच काही अस्सल हवे असेल तर ‘याक-गोचुजांग’ करून पाहा. थोडासा बीफचा खिमा लसणाबरोबर कोरडा परतायचा, त्यात भरपूर गोचुजांग आणि मध घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळायचे आणि बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. आपल्या ठेच्यासारखा त्याचा उपयोग होतो. कंटाळा आलेल्या रात्री गरम भात, वर एक चमचा हे आणि तळलेले अंडे, एवढे पुरते. माझ्या मते झटपट हा शब्द त्यालाच जास्त शोभतो.

आल्याबद्दलही थोडे बोलतो. बीफच्या बुलगोगीत इथे आले सहसा जाणवण्याइतके घालत नाहीत. गोडवा आणि लसूण पुढे असतात.

---

चुलीपाशी

आपली तक्रार मान्य आहे आणि म्हणूनच शीर्षकात ‘कोरियन चवीचा’ एवढेच म्हटले आहे. आले मी सोडणार नाही, कारण इथल्या खिम्याला एक उग्र वास असतो आणि तो आल्याने मोडतो. याक-गोचुजांग या रविवारी करून पाहते.

पातळ काप हवे असतील तर ‘एच मार्ट’सारख्या कोरियन दुकानांत ते थाळीत कापून ठेवलेले मिळतात. हे दुकान 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील वुडसाइडमध्ये सुरू झाले, आणि आता आमच्या एडिसनमध्येही आहे. कोरियन दुकान जवळ नसेल तर मांसाचा तुकडा पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे तो घट्ट होतो आणि धारदार सुरीने दोन-तीन मिलिमीटरचे काप पडतात. काप मांसाच्या धाग्यांना आडवे पाडायचे. धाग्यांच्या दिशेने कापले तर चावताना दोऱ्या लागतात.

---

अर्धी_भाकरी

काप मुरवण्याबाबत माझा अनुभव सांगते, म्हणजे इतरांचे मांस तरी वाचेल. नासपती मिळाले नाही म्हणून मी किवी घातले. एक अख्खे किवी अर्ध्या किलो कापांना चोळले आणि ‘जितके मुरेल तितके चांगले’ या आपल्या परंपरागत समजुतीने रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी तव्यावर टाकल्यावर त्यांचे काप उरलेच नव्हते. बोटाने दाबले तर ओल्या पिठासारखे लागत होते, आणि परतल्यावर वालुकामय, पचपचीत असे काहीतरी झाले. घरच्यांनी मुकाट्याने खाल्ले, ही त्यांची कृपा. चूक किवीची की माझी?

---

सुवॉनचा_पाहुणा

ताई, चूक वेळेची. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई चोळतात, त्यातलेच हे तत्त्व आहे. पपईत पपेन, अननसात ब्रोमेलेन आणि किवीत ॲक्टिनिडिन नावाचे विकर (एन्झाइम) असते, आणि ही विकरे प्रथिने तोडतात. नासपतीचा परिणाम सौम्य असतो, म्हणून त्यात मांस काही तास निर्धास्त राहते. किवीचा जोर फार. अर्ध्या किलो पातळ कापांना एक मोठा चमचा किसलेले किवी आणि वीस-पंचवीस मिनिटे, त्यापुढे नाही. मटणाचे जाड तुकडे पपईत टिकतात, कारण विकर आतपर्यंत सहज पोहोचत नाही. दोन मिलिमीटरच्या कापाला आत-बाहेर असे काही नसतेच. आणि खिम्याला यांतले काहीही लावू नये. तो यंत्राने आधीच मऊ करून दिलेला असतो.

साधे नासपती किंवा सफरचंद किसून घातले तर मऊपणा फारसा वाढणार नाही, पण गोडवा आणि ओलावा मिळतो. तेवढ्यावर समाधान मानलेले बरे.

---

करवंटी

मी मडगावहून लिहिते. आमच्याकडे बाजारात बीफ उघडपणे मिळते आणि खिमा समोर काढून देतात, तरीही चुलीपाशी यांची कृती जशीच्या तशी केली तेव्हा पहिल्यांदा बिनसली. इथला खिमा अमेरिकेतल्यासारखा चरबीचा नसतो, तो अगदी कोरडा असतो. कोरड्या भांड्यात तो खरपूस होण्याऐवजी बुडाला चिकटून फाटला. दुसऱ्या खेपेला मी दोन मोठे चमचे तेल आधी तापवले आणि खिमा खाटकाकडून जाड जाळीतून एकदाच काढून घेतला, तेव्हा जमले. शिवाय मांस थोडे जून असेल तर सॉस ओतल्यावर तीन मिनिटांत ते मऊ होत नाही. त्यासाठी अर्धा कप पाणी जास्त घालून झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटे शिजवावे आणि मग पाणी आटवावे. साखर आणि गोचुजांग तोपर्यंत बाजूला ठेवावे.

भाताबद्दल सांगायचे तर उकड्या तांदळाच्या नादी लागू नका. आमच्या घरात तोच असतो, म्हणून मी तोच शिजवला. उकडा भात आमटी-कालवणाबरोबर लाखमोलाचा. पण त्याचे जाड, वेगवेगळे राहणारे दाणे आणि हा दाट, चिकट रस एकमेकांकडे बघतही नाहीत.

उरलेल्या खिम्याचे मात्र मी आमच्या पद्धतीने सोने केले. उकडलेल्या बटाट्याच्या पारीत तो भरून, अंड्यात बुडवून, रव्यात घोळवून पोटॅटो चॉप केले. त्यासाठी खिमा पूर्ण कोरडा हवा, नाहीतर पारी फुटते.

---

रांजणगाव_दुसरी_पाळी

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी लिहितो. 2015 पासून राज्यात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे जे मिळते ते म्हशीचे मांस असते. त्याचा खिमा गडद रंगाचा आणि कमी चरबीचा असतो, म्हणून करवंटी यांनी सांगितलेले बदल, म्हणजे आधी तेल आणि झाकण ठेवून थोडा वेळ शिजवणे, त्यालाही लागू होतील. आमच्या घरी मटणाच्या खिम्याचा केला जातो. मटणाचा स्वतःचा वास जोरकस असल्यामुळे तेथे आले आणि मिरपूड दोन्ही वाढवावी लागतात.

दोन गोष्टी मला फार उशिरा कळल्या. पहिली तिळाच्या तेलाची. मी घाण्यावरचे तिळाचे तेल घालत होतो आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये कोरियन सहकाऱ्यांसाठी होणाऱ्या जेवणासारखा वास का येत नाही, याचा विचार करत बसलो होतो. आपले तेल कच्च्या तिळाचे असते, कोरियन तेल तीळ चांगले तपकिरी भाजून मग काढतात. नाव एक असले तरी दोन्हींचा वास पूर्ण निराळा आहे, आणि आपले तेल कितीही तापवले तरी त्याचे दुसरे होत नाही. भाजलेल्या तिळाचे तेल मिळाले नाही तर आपले तेल घालण्यापेक्षा दोन मोठे चमचे तीळ मंद आचेवर बदामी रंगावर भाजावेत, खलबत्त्यात ओबडधोबड कुटावेत आणि शेवटी खिम्यात मिसळावेत. वास त्याच्या बराच जवळ जातो. संक्रांतीच्या लाडवासाठी तीळ भाजताना स्वयंपाकघरात जो वास भरतो, तो नाकात ठेवावा आणि त्यापेक्षा किंचित पुढे जावे.

दुसरी गोष्ट तांदळाची. महागडा आयात तांदूळ घेण्याची गरज नाही. मावळातला इंद्रायणी या कामाला छान बसतो. तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला वाण आहे, शिजल्यावर मऊ आणि चिकट होतो, फक्त त्याला स्वतःचा सुवास असतो. मला तो या खिम्याखाली आवडतो, कोरियन माणसाला कदाचित खटकेल. नवा इंद्रायणी असेल तर पाणी हात आखडूनच घाला. त्याचा आसट भात व्हायला वेळ लागत नाही, आणि आसट भाताला मेतकूट-तूप शोभते, हा खिमा नव्हे.

---

आकडेमोड

धागा वाचताना तीन प्रश्न पडले. चार जणांना तीन मोठे चमचे सोया सॉस आणि वर गोचुजांग म्हणजे मीठ किती झाले? खिमा शिजला हे रंगावरून ठरवणे योग्य आहे का? आणि हा वाडगा दुसऱ्या दिवशी डब्यात नेता येतो का?

---

चुलीपाशी

क्रमाने उत्तरे देते. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असते. म्हणजे माझ्या प्रमाणात माणशी पावणेसातशेच्या आसपास नुसत्या सोया सॉसमधून, आणि गोचुजांगचे त्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला 2,000 मिलिग्रॅमच्या आत आहे, तेव्हा हे कमी मुळीच नाही. म्हणूनच मी भातात मीठ घालत नाही आणि खिम्यात तर चिमूटभरही नाही. अनेक कृतींत पाव कप, म्हणजे चार मोठे चमचे सोया सॉस आणि तितकीच साखर असते. माझ्या तोंडाला ती भातावरची मिठाई लागली, तेव्हापासून दोन्ही कमी केले. गोचुजांग न घालणाऱ्यांनी सोया सॉस अर्धा चमचा वाढवावा.

रंगावर विसंबू नये. अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिमा काढताना मात्र ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून अमेरिकेत बीफचा खिमा 71 अंश सेल्सियसपर्यंत शिजवायला सांगतात. अर्थात सुटा करून सॉसमध्ये दोन-तीन मिनिटे खळखळ उकळलेला खिमा त्याच्या पुढे गेलेला असतो. प्रश्न मोठे गोळे तसेच राहिले तरच येतो.

डब्याबाबत माझी काळजी खिम्यापेक्षा भाताची आहे. भातातल्या काही जिवाणूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत, भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून उद्याचा भात वाढण्यापूर्वीच वेगळा काढावा, पसरट डब्यात निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावा. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवले की दाणा पुन्हा मऊ होतो. सोबत वाढायची काकडी मात्र डब्यात वेगळी न्यावी.

काकडीवरून आठवले, तिची कृती लिहायची राहिलीच होती. पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटे ठेवायचे, पिळायचे, आणि व्हिनेगर, चिमूट साखर, लाल तिखट आणि तीळ लावायचे. या खिम्याबरोबर काहीतरी आंबट आणि करकरीत नसेल तर पाचव्या घासाला तोंड बसते. किमची असेल तर प्रश्नच नाही.

कोंबडीच्या खिम्याला चरबी कमी असते, त्यामुळे दीड चमचा तेल आधी घालावे. तो बीफइतका तपकिरी होणार नाही, त्याची वाट पाहत कोरडा करू नये.

---

सुवॉनचा_पाहुणा

काकडीच्या जोडीला पालक घ्या. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, आणि मग मुठीत घट्ट पिळून त्याला थोडा कच्चा लसूण, मीठ आणि भाजलेल्या तिळाचे तेल हाताने चोळायचे. चमच्याने नव्हे, हातानेच. माझ्या घरमालकीणबाईंनी मला चमच्याने ढवळताना पाहिले आणि भांडेच काढून घेतले होते.

आणखी एक सावधगिरी. कोरियन दुकानातून सोया सॉस घेताना ‘गुक-गांजांग’ उचलू नका. ते सूपसाठीचे असते, रंगाने फिके आणि चवीने बरेच खारट. खिम्याला ‘जिन-गांजांग’ किंवा ‘यांगजो-गांजांग’ हवे. मी पहिल्या महिन्यात फिका रंग पाहून ‘हे सौम्य असेल’ म्हणून गुक-गांजांग घेतले आणि रंग येईना म्हणून ओततच राहिलो. त्या रात्री दोन लिटर पाणी प्यालो. गोचुजांगमध्ये मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ असते, पण बाजारातल्या बऱ्याच डब्यांत गहूही असतो. गहू चालत नसेल त्यांनी घटक वाचूनच घ्यावे. सोया सॉसचेही तेच.

---

अर्धी_भाकरी

किवीचे दुःख मागे टाकून आज खिम्याची कृती केली. चार मिनिटे हात मागे बांधून ओट्यापाशी उभी राहिले. रटरट थांबून चरचर सुरू झाल्याचे खरोखरच स्पष्ट ऐकू आले, आणि कडा उचलून पाहिली तेव्हा खाली खमंग तपकिरी थर होता. साखर शेवटी, तेल आच बंद केल्यावर, काकडी पिळून, पालक हाताने चोळून, सगळे सांगितल्याप्रमाणे केले. सात वाजून पंचवीस मिनिटांनी सर्व तयार होते. मग वाडगे घ्यायला वळले तर तांदूळ पातेल्यात, पाण्यात, जसेच्या तसे भिजत पडलेले. गॅसवर चढवायचेच राहिले होते.

सकाळच्या सहा पोळ्या होत्या. त्यांत खिमा आणि काकडी गुंडाळून खाल्ली. मुलाने उद्या डब्यात हेच मागितले आहे.

---

करवंटी

पोळीच्या गुंडाळीसाठी रस थोडा अधिक आटवा, नाहीतर दुपारपर्यंत पोळी फाटेल. आणि ते तांदूळ रात्रभर पाण्यात राहिले असतील तर फ्रिजमध्ये ठेवा, उद्या घावने घालता येतील.